सगळ्या कुटुंबाने मिळून पॅलिओ आहार सुरू केला तर पहिले काही दिवस कसे जातात?

तुमच्या प्रश्नाची शेवटची ओळ अशी आहे: ‘आईला 12 वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या सुरू आहेत.’ पोळी-भात सोडून जमतं का, मुलांच्या डब्याचं काय, पहिले दिवस कसे जातात, हे सगळं तुम्ही त्याच्या आधी विचारलंय. मी मात्र त्या शेवटच्या ओळीपासून सुरू करते.

आमच्या घरात सहा माणसं. मी, नवरा, सासू-सासरे, 14 वर्षांची मुलगी आणि 9 वर्षांचा मुलगा. राहतो नागपूरला, मानेवाड्याकडे. नवऱ्याच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं. त्याच्या ऑफिसमधल्या एकाने पॅलिओ करून, म्हणजे धान्य, डाळी, दूध आणि साखर सोडून अश्मयुगातल्या माणसासारखं मांस, अंडी, भाज्या, कंद आणि फळं खाऊन, वजन उतरवलं होतं. एकट्यासाठी वेगळा स्वयंपाक कुठे करत बसायचं, म्हणून ठरलं की सगळेच करू. हे मीच पुढे रेटलं. बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, मधुमेह आहे हे डोक्यात होतंच, पण धान्य आणि साखर बंद झाली तर त्यांचं भलंच होईल असं मी धरून चालले.

तिसऱ्या दिवशी सकाळी 11 च्या सुमारास बाबा गच्चीवर उन्हात पेपर वाचत बसले होते. मी कपडे वाळत घालायला गेले. जानेवारीची थंडी, अंगात स्वेटर, आणि कपाळावरून घाम ओघळत होता. पेपरचं पान उलटायला जात होते, पण ते बोटांत येत नव्हतं. बोटं थरथरत होती. “बाबा, काय होतंय?” तर म्हणाले, “मले काई नाई झालं, जरासं गरगरून राहिलं.” जीभ जड झालेली. नवरा ऑफिसला गेलेला. मुलीची शाळा दुपारची, म्हणून ती घरी होती. तिला हाक मारून शुगर तपासायचं मशीन वर मागवलं. 58 आलं, म्हणजे फारच कमी. सासूबाईंनी अर्धा पेला पाण्यात तीन चमचे साखर ढवळली आणि घोट घोट पाजली. मग 15 मिनिटं आम्ही थांबलो. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, नुसता त्यांचा हात धरून बसल्या होत्या. पुन्हा बोट टोचलं तेव्हा 84 आलं. मी खाली जाऊन ज्वारीची भाकर थापली. हात कापत होते, कडा फाटल्या, तशीच तव्यावर टाकली आणि सोबत वाटीभर वरण केलं. अर्धी भाकर पोटात गेल्यावर त्यांचा आवाज नेहमीसारखा झाला.

कारण दुपारीच डॉक्टरांशी फोनवर बोलल्यावर कळलं. बाबा रोज सकाळी नाश्त्याआधी ग्लिमेपिराइडची गोळी घेतात. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात दोन पोळ्या गेल्या आहेत की दोन उकडलेली अंडी, हे ती बघत नाही. गोळी पोळ्यांच्या हिशेबाने ठरवलेली, आणि मी त्या दिवशी पालक आणि अंडी दिली होती. डॉक्टरांनी गोळीचा डोस निम्मा केला आणि दोन्ही जेवणांत एकेक भाकर परत सुरू करायला सांगितलं.

मधुमेहाची नुसती मेटफॉर्मिन ही गोळी असेल तर शुगर अशी खाली जाण्याचा धोका फार कमी असतो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर तो धोका खरा आहे. आणि डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या जातीतली गोळी असेल तर धान्य एकदम कमी केल्यावर शरीरात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लासारखे पदार्थ) वाढून माणूस गंभीर आजारी पडू शकतो, तेही शुगर फारशी वाढलेली नसताना. म्हणून तुमच्या आईंच्या गोळ्यांची पट्टी हातात घ्या, नाव वाचा आणि घरातली एक पोळी कमी करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. किडनीचा त्रास असेल तर तेही सांगा, कारण या आहारात प्रोटीन बरंच वाढतं. आमच्याकडे हे तीन दिवस आधी व्हायला हवं होतं. ते झालं नाही, याची जबाबदारी माझी.

आता बाकीचं.

आमची तयारीच आधी लांबली. सासूबाई म्हणाल्या, मार्गशीर्ष संपू दे, मग घरात मटण आण. तो संपला, त्यानंतरच्या रविवारी सुरुवात केली. शनिवारी कॉटन मार्केटमधून भाजी आणली ती चार पिशव्या भरून: कोहळं, भरताची वांगी, पालक, चवळाई, फुलकोबी, गाजरं, मुळा, रताळी, शिंगाडे, सांबाराच्या मोठ्या जुड्या (विदर्भाबाहेरच्यांसाठी, सांबार म्हणजे कोथिंबीर). हिवाळ्यात सुरू केलं हे फार बरं झालं. नागपुरात मे महिन्यात इतक्या भाज्या इतक्या ताज्या मिळत नाहीत, आणि उन्हाळ्यात दही-मठ्ठा बंद करा असं मी कुणाला सांगणारही नाही.

काय चालतं आणि काय नाही, हे सासूबाईंना समजावताना दोन दिवस गेले. त्यांनी आपलं गणित उपासावर बसवलं. रताळी चालतात, शिंगाडा चालतो, फळं चालतात, म्हणजे हा उपासच, त्यात वर मटण. गणित अर्ध्यापर्यंत बरोबर आलं. पण उपासाला भगर चालते, इथे नाही, कारण ते धान्य. उपासाला दही-दूध चालतं, इथे नाही. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे फल्ली. शेंगदाणा जमिनीखाली येतो तरी तो शेंगेतला, डाळींच्या कुळातला, म्हणून पॅलिओत बाद. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी वांग्याच्या भाजीत भरपूर दाण्याचा कूट घातला होता. “उपासाले चालते अन् याले काऊन चालत नाई?” या प्रश्नाचं पटेल असं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. पुढे मी दाण्याच्या जागी तीळ, जवस आणि खोबरं वापरलं. जवसाची चटणी आपल्याकडे घरोघर होतेच. भाकरीशिवाय ती भरतात कालवून खाल्ली, तर मुलांनी वाटी पुसून घेतली.

पहिला रविवार सोपा गेला. सावजी पद्धतीचं मटण केलं. एरवी रस्सा दाट व्हायला मी भाजलेल्या हरभरा डाळीचं पीठ लावते, त्याऐवजी खसखस आणि भाजलेलं खोबरं वाढवलं. चवीत काही कमी नव्हतं. अडलं ते ताट वाढल्यावर. एवढा झणझणीत रस्सा, लालभडक तर्री, आणि तो खायचा कशासोबत? नवरा वाटी तोंडाला लावून बसला, मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी घाईने रताळी उकडून त्यांच्या जाड चकत्या तव्यावर खरपूस भाजल्या आणि त्या रश्शात बुडवून खाल्ल्या. गोड रताळं आणि तिखट रस्सा, हे आमच्या घरात आता कायमचं झालंय. तुमच्याकडे पहिल्या दिवशी रस्सा असेल तर रताळी आधी उकडून ठेवा.

सोमवार-मंगळवारी नवऱ्याचं आणि माझं डोकं जड होतं, दुपारी डोळे मिटत होते, माझी तर चिडचिड मुलांवर निघाली. यामागे साधं कारण आहे. धान्य कमी झालं की यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीराचा साखरेचा साठा, वापरलं जातं. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण 3 ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, ते बाहेर पडतं, आणि पाण्याबरोबर मीठही जातं. आम्ही पुस्तकी नियमाने मीठही तोडलं होतं, ती चूक. बुधवारी मीठ नेहमीसारखं केलं, हाडांचं सूप घेतलं, दिवसातून दोनदा रताळं किंवा फळ ठेवलं, आणि गुरुवारपर्यंत डोकं उतरलं. ज्यांना ब्लडप्रेशर आहे त्यांनी मिठाचं डॉक्टरांना विचारूनच करावं. यातच दुसरी गोष्टही लपलेली आहे: पहिल्या आठवड्यात काटा दीड-दोन किलोने खाली येतो तेव्हा त्यातलं बहुतेक पाणी असतं. नवऱ्याचे 10 दिवसांत 2 किलो 400 ग्रॅम उतरले. तो खूष झाला, मी त्याला हे तेव्हाच सांगितलं.

मुलांचं दूध मी चौथ्या दिवशी परत सुरू केलं. वाढत्या वयातली मुलं, त्यांचं कॅल्शियम तीळ आणि पालेभाजीवर भागवायचं म्हणजे रोजचा हिशेब ठेवावा लागतो, आणि तो माझ्याच्याने झाला नसता. डब्यात उकडलेली अंडी, गाजराचे तुकडे, संत्र्याच्या फोडी, मूठभर चारोळी-बदाम दिले. मुलगी म्हणाली, मैत्रिणींच्या पोळीभाजीकडे बघून वाईट वाटतं. दुसऱ्या दिवशी मी तिच्या डब्यात पोळी दिली. चौदा वर्षांच्या मुलीने जेवणाकडे भीतीने बघायला लागावं असं कुठलंच डाएट मला नको आहे.

एका संध्याकाळी तिने विचारलं, “आपल्या नागपुरात अश्मयुगातली माणसं हे खात होती का?” काटोल रोडवरच्या जुनापाणीची शिलावर्तुळं तिने शाळेच्या सहलीत पाहिली होती. ती लोहयुगातली, म्हणजे शेती कधीच सुरू झाल्यानंतरची. मग मी थोडं वाचलं. या आहाराची चर्चा डॉक्टरांमध्ये सुरू झाली ती 1985 साली, बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर यांच्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधल्या लेखापासून. शेती सुरू होऊन 10-12 हजार वर्षंच झाली, आपलं शरीर त्याआधीच्या खाण्यावर घडलं, असा त्यामागचा विचार. पण इटली, रशिया आणि चेक प्रजासत्ताकात सापडलेल्या सुमारे 30 हजार वर्षांपूर्वीच्या दगडी वरवंट्यांवर स्टार्चचे कण मिळाले आहेत, म्हणजे शेतीच्या कितीतरी आधी माणूस कंद वगैरे दळून पीठ करत होता. हे सासूबाईंना सांगितलं तर त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे जातं होतंच की!”

आहारात दम नाही असं मी म्हणत नाही. स्वीडनमध्ये 2009 साली 13 मधुमेहींवर झालेल्या एका अभ्यासात तीन-तीन महिने दोन्ही आहार देऊन बघितले, तेव्हा नेहमीच्या मधुमेही आहारापेक्षा पॅलिओवर तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा चांगला आला. पण माणसं 13, आणि ती डॉक्टरांच्या नजरेखाली होती. आमच्यासारखी स्वतःच्या मनाने गच्चीवर बसलेली नव्हती. माझं मत विचाराल तर साखर, मैदा, बिस्किटं, पाकिटातलं फरसाण बंद होणं आणि भाजी दुप्पट होणं, यात या आहाराचा बहुतेक फायदा आहे. तुरीचं वरण सोडण्यात आम्हाला काहीच मिळालं नाही. डाळीतले लेक्टिन (एक प्रकारची प्रथिनं) घातक, असं सांगितलं जातं, पण कुकरमध्ये नीट शिजल्यावर ते जवळजवळ नष्ट होतात.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. आमचा आठवड्याचा खर्च जवळपास दीडपट झाला. पीठ-तांदळाचे पैसे वाचले, पण मटण, अंडी, बदाम यांनी ते कधीच खाल्ले. सोमवार, गुरुवार, शनिवार सासूबाईंना मांसाहार चालत नाही, म्हणून त्या दिवशी चुलीवर दोन भांडी चढायचीच. एकच स्वयंपाक राहावा म्हणून आम्ही हे सुरू केलं होतं, आणि स्वयंपाकघरातला माझा वेळ दिवसाला तासभर वाढला. तुमच्या घरात हे काम एकटीवर पडणार असेल तर आधीच बसून वाटून घ्या. आमच्याकडे भाजी चिरण्याचं काम नवऱ्याने घेतलं ते सहाव्या दिवशी, मी बोलल्यावर.

दहाव्या दिवशी संक्रांत आली. तीळ चालतात, गूळ नाही. सासूबाईंनी कढईत पाक धरला होता, घरभर वास सुटला होता, आणि मी काही म्हटलं नाही. सगळ्यांनी तिळगूळ घेतला, गुळाची पोळी खाल्ली. दुसऱ्या दिवशी परत सुरू करू असं कुणी बोललं नाही. आज नवरा रात्री धान्य खात नाही, घरात बिस्किटाचा पुडा येत नाही, बाबांच्या ताटात भाकर एकच पण भाजी दोन वाट्या असते, आणि त्यांची गोळी डॉक्टरांनी पुढे पुन्हा तपासून ठरवून दिली.

तुम्ही मांसाहार करता की नाही हे लिहिलेलं नाही. करत नसाल तर पॅलिओ करू नका. डाळ, दूध, दही आणि धान्य हे चारही काढल्यावर शाकाहारी माणसाच्या ताटात पुरेसं प्रोटीन उरत नाही. त्यापेक्षा वरण तसंच ठेवा, पोळ्या एकाने कमी करा, भाजी वाढवा. आणि मांसाहारी असाल तरी पहिला आठवडा तुम्ही आणि तुमचे मिस्टर, दोघांनीच करून बघा. आईंचं आणि मुलांचं ताट तोवर आहे तसं राहू द्या.