पहिल्या सेमिनारात काहीच कळलं नाही? बस तसाच

खानापूरहून रोज बेळगावला एमटेकला येतोस आणि पहिल्याच सेमिनारात खचलास? अरे, मला तर पहिलं अख्खं सेमिस्टर कळलं नव्हतं.

सगळे विषय धरू नकोस, एकच निवड. भाषा-मॉडेलं हवी असतील तर ट्रान्सफॉर्मर ही त्यांच्यामागची रचना मांडणारा २०१७ चा पेपर आधी चाळ. पुढचं बरंचसं त्यावरच उभं आहे. क्रिप्टोग्राफी, म्हणजे माहिती गुप्त ठेवण्याचं शास्त्र, आवडत असेल तर मूळ भीती समजून घे. पुरेसा मोठा क्वांटम संगणक प्रचंड संख्यांचेही अवयव झटकन पाडेल, असं पीटर शोरने १९९४ मध्ये दाखवलं. म्हणजे असा संगणक आला की, हे अवयव पाडणं अवघड असतं यावरच टिकलेली आरएसए ही कूटपद्धत कोसळलीच. म्हणून तर २०२४ मध्ये निस्ट या अमेरिकेच्या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने क्वांटम संगणकापुढेही टिकतील अशा कूटपद्धतींची नवी मानकं काढली. एवढं ठाऊक असलं तरी तासाभरातलं निम्मं पदरात पडतं. त्यातल्या बऱ्याच पद्धतींमागचं लॅटिसचं, म्हणजे जाळीसारख्या मांडलेल्या बिंदूंचं, गणित आत्ता नकोच.

नवख्यांच्या चुका:

- स्लाइडचे फोटो काढत बसणं. नंतर कोण बघतो?
- पेपर पहिल्या ओळीपासून वाचणं. आधी सारांश, आकृत्या, निष्कर्ष.
- इंग्रजी अडखळतं म्हणून गप्प बसणं. ही सगळ्यात महाग चूक. ‘तुलना कशाशी केली?’ एवढंच विचार, कुठल्याही विषयात चालतं.

आणि घरी मराठी, बसमध्ये कन्नड, वर्गात इंग्रजी, तिन्हींची एकाच वाक्यात मिसळ हे आपलं रोजचं आहे. कोड-मिक्सिंग म्हणतात त्याला, आणि त्यावर खरंच संशोधन चालतं. विषय सुचत नसेल तर खानापूरच्या बसमध्ये कान उघडे ठेव.