गावच्या नदीवरचा जुना कोल्हापुरी बंधारा गळतोय. दुरुस्त करावा की पाडून नवा बांधावा?

पाडू नका. आधी तो गळतो कुठून, ते बघा. ऑक्टोबरात अडवलेलं पाणी जानेवारीतच संपतं असं तुम्ही लिहिलंय, पण तेवढ्यावरून दगडी काम गेलं असं होत नाही.

आमची शेती पंचगंगेच्या काठाला. बंधाऱ्यावर बर्गे, म्हणजे पाणी अडवायला खांबांच्या खाचांत बसवायच्या फळ्या, घालायला-काढायला मी वीसेक वर्षं जातोय. (तुमच्याकडे बर्ग्यांना दारं म्हणत असतील.) पूर्वी लाकडी फळ्यांच्या दोन रांगा लावून मधे चिकणमाती ठेचायचे. आता लोखंडी पत्र्याचे बर्गे आले, माती गेली आणि गळती वाढली. एक बर्गा वाकला किंवा खांबाच्या खाचेत खडा अडकला की वरचे सगळे तिरके बसतात.

बंधारा भरलेला असताना खालच्या अंगाला उभं राहून बघा. बर्ग्यांच्या फटीतून पिचकाऱ्या उडत असतील तर रबरी पट्ट्या बदला, वाकलेले बर्गे सरळ करून घ्या, काम भागेल. दगडांच्या सांध्यातून पाझरत असेल तर दर्जा भरणं (सांधे सिमेंटने बुजवणं), ग्राउटिंग (आतल्या पोकळीत पातळ सिमेंट दाबाने भरणं). सांध्यात उंबर-पिंपळ उगवला असेल तर नुसता छाटू नका, मुळासकट काढा. पण तळातून किंवा काठाच्या भरावातून गढूळ पाणी येत असेल तर मात्र त्याच दिवशी अभियंत्याला बोलवा. गढूळ म्हणजे आतली माती वाहून चाललीय.

खरा घात होतो तो जूनमध्ये. एका वर्षी 'अजून एक पाणी उसाला मिळू दे' म्हणत आम्ही बर्गे ठेवले. पहिल्याच पुराला वाट मिळाली नाही, नदी बाजूचा भराव फोडून गेली. बंधारा जागेवर, शेजाऱ्याचं अर्धा एकर रान नदीत! बर्गे वेळेवर निघाले तर पुराबरोबर गाळही पुढे जातो, हा या बंधाऱ्याचा मोठा फायदा.

अर्ज कुठे करायचा? सिंचनक्षेत्र 100 हेक्टरपर्यंत असेल तर सहसा जिल्हा परिषदेचा लघुपाटबंधारे विभाग, 600 च्या वर जलसंपदा, मधलं मृद व जलसंधारण. जुन्या बंधाऱ्याची नोंद कोणाकडे आहे हे शोधण्यातच महिना जातो, म्हणून अर्ज पावसाळ्यातच द्या.

आणि काढलेले बर्गे मोजून कुलपात ठेवा. आमचे अकरा एका रात्रीत भंगारात गेले. त्या वर्षी दोन गाळे (दोन खांबांमधल्या मोकळ्या जागा) आम्ही मातीच्या पोत्यांनी बुजवले होते.