स्टेजवर गिटारचा आवाज दबतो, बफर घेऊ की बूस्ट?

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसलो, कारण हेच दुखणं मी पूर्ण एक सीझन काढलं आहे. तुम्ही लिहिलं की घरी तीन मीटरच्या केबलनं स्ट्रॅट गिटार सरळ अँपला लावली की खणखणीत वाजते, आणि कार्यक्रमात सहा ट्रू बायपास पेडल (पायानं चालू-बंद करायचे इफेक्टचे डबे), गिटारपासून पेडलच्या बोर्डापर्यंत दहा मीटर केबल, बोर्डापासून पुढं अजून दहा मीटर असं सगळं लावलं की आवाज घोंगडीखाली गेल्यासारखा येते. एक मित्र म्हणतो बफर घे, दुसरा म्हणतो बूस्ट घे. तर आधी बफर, म्हणजे आवाज न वाढवता गिटारवरचा केबलचा भार उचलणारं छोटं सर्किट. बूस्ट, म्हणजे आवाज मोठा करणारा पेडल, नंतर घ्या, आणि तो वेगळ्या कामासाठी घ्या.

मी साकोलीकडचा. टीव्ही, मिक्सर, मोटरचे स्टार्टर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि दिवाळी झाली की आपल्या इकडे मंडईचा (गावोगावच्या जत्रेचा) सीझन लागतो, तवापासून होळीपर्यंत रात्री झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गन-तबल्याच्या बाजूला गिटार घेऊन बसतो. एप्रिलमध्ये भीमजयंतीचे गीतगायनाचे कार्यक्रम असतात, तिथंही वाजवतो. पहिल्या सीझनला माझ्याकडं चार पेडल होते आणि गिटार अँप न्यायची सोय नव्हती, त्यामुळं साउंडवाला जी पिन देईल ती लावायची. त्यानं वीसेक मीटर वायर टाकून दोन्ही टोकांना पी-३८ पिना (गिटारला लागतात त्या जाड जॅक पिना) मारून दिल्या आणि सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये खोसलं. घरी जे पोट्टे म्हणायचे वा काय वाजते, तेच स्टेजसमोर बसून म्हणाले की गिटार ऐकूच येऊन नाही राहिली. मी नागपूरला जाऊन बूस्ट आणला. आवाज मोठा झाला, खरंच मोठा झाला, पण ऑर्गनवाले काका म्हणाले, "बापू, मोठा झाला पण उघडला नाही." त्यांचं ते वाक्य इतकं बरोबर होतं की मी दुसऱ्या दिवशी दुकानात स्कोप (सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) काढून बसलो.

आता कारण सांगतो. गावात डीपीपासून लांब, लाइनच्या शेवटच्या टोकाला ज्याची विहीर असते त्याची मोटर नुसती घुं घुं करते, उचलत नाही, हे तुम्ही पाहिलं असेल. डीपीजवळच्या शेतात तीच मोटर झकास चालते. तुमच्या गिटारचा पिकअप, तारांखालचा सूर पकडणारा भाग, म्हणजे लई नाजूक सप्लाय आहे, हजारो वेढ्यांची बारीक तार, आणि त्याच्यापुढं तुम्ही वीस मीटरची लाइन ओढली. फरक एवढाच की इथं सगळा आवाज कमी होत नाही, फक्त वरचा भाग, ट्रेबल, जातो. काहून की केबलच्या आतली तार आणि वरची जाळी मिळून एक कपॅसिटर तयार होतो, साधारण मीटरला १०० पिकोफॅरड धरा, आणि कपॅसिटर जितका मोठा तितका वरच्या सुरांना तो ग्राउंडचा रस्ता दाखवतो.

आकड्यात पाहा. स्ट्रॅटसारख्या सिंगल कॉइल (एका गुंडाळीच्या) पिकअपचा इंडक्टन्स, म्हणजे गुंडाळीचा विजेचा गुण, अडीच हेन्रीच्या आसपास असतो. तीन मीटर केबल लावली तर पिकअपची स्वतःची धरून ४०० पिकोफॅरड, आणि ज्या जागी पिकअप सगळ्यात जास्त चमकतो ती जागा येते ५ किलोहर्ट्झच्या जवळ. तुमची दहा अधिक दहा अधिक मधले छोटे पॅच, म्हणजे २,२०० पिकोफॅरड धरा, तर तीच जागा घसरून २ किलोहर्ट्झच्या थोडी वर येते आणि त्याच्या वरचं सगळं उतरणीला लागते. प्लेक्ट्रम तारेला लागतानाचा जो 'टिक' असतो, तो तिथंच मरतो.

आणि ट्रू बायपासचं लोकांना भलतंच वाटते. ट्रू बायपास म्हणजे पेडल बंद असताना आतलं सर्किट पूर्ण बाजूला, इनपुट सरळ आउटपुटला जोडलेलं. एक-दोन पेडल असले तर हे चांगलंच. पण सहाही बंद असले तर तुमचा बिचारा पिकअप एकटा ही पूर्ण वीस मीटर ओढतो, मधात मदतीला कोणी नाही. तुम्ही लिहिलं की ओव्हरड्राइव्ह (आवाज थोडा फाडणारा पेडल) चालू केला की आवाज थोडा उघडतो, त्याचं कारणही हेच आहे, चालू पेडल त्याच्या पुढची केबल स्वतः ओढून घेते.

बफर काही वाढवत नाही. जेवढं आत तेवढंच बाहेर. पण त्याचं इनपुट मोठं (म्हणजे विजेचा अडथळा, इम्पीडन्स, मोठा), साधारण १ मेगाओहम, म्हणजे पिकअपवर भार नाही, आणि आउटपुट लहान, एखादा किलोओहम किंवा त्याहून कमी. म्हणजे डीपीच तुमच्या बांधीजवळ आणून बसवली. १ किलोओहमच्या आउटपुटपुढं पंधरा मीटर केबल लावली तर ट्रेबल पडायला सुरुवात होते कुठं, १ लाख हर्ट्झच्या वर, आणि माणसाला ऐकू येते २० हजारापर्यंत. म्हणून बफरच्या पुढची केबल लांब असली तरी टोनला काही होत नाही.

पण हे लक्षात ठेवा की बफरच्या आधीची केबल तशीच्या तशी पिकअपच्या डोक्यावर राहते. तुमची गिटार ते बोर्ड दहा मीटर आहे ना, ती आधी बदला, पाच मीटरवर आणा. दहा ठेवून बफर लावला तर ती चमकेची जागा ३ किलोहर्ट्झपर्यंतच परत येईल, पाचवर ४ च्या वर जाईल. मी तर स्टूल बोर्डाजवळच ठेवतो.

आता माझ्यासारखं तुम्ही कधी सरळ मिक्सरमध्ये जात असाल (आपल्याकडे गावात सगळेच जातात, अँप कोण नेते) तर बफर नसणं आणखीच वाईट. गिटार अँपचं इनपुट १ मेगाओहमचं असते, मिक्सरच्या लाइन इनपुटचं बऱ्याचदा १० किलोओहमच्या आसपास. हे कीबोर्डसाठी ठीक आहे, त्याच्या आत आधीच बफर असतो, पण पॅसिव्ह पिकअपला १० किलोओहम दाखवले की तो बसूनच जातो, आवाजही कमी आणि ट्रेबलही कमी. माझ्या पहिल्या सीझनचा अर्धा घोटाळा हाच होता, केबल नंतरची गोष्ट. मिक्सर फारच लांब असेल, मंडपाच्या मागच्या टोकाला, तर बफरनंतर डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल माइकच्या वायरीजोगा करणारा डबा) लावून माइकच्या एक्सएलआर वायरनं पाठवा, नाहीतर जनरेटरची आणि लायटिंगची घरघर त्या वायरीत शिरते.

मग बूस्टनं माझं काम काहून झालं नाही? कारण मी तो शेवटी लावला होता. तिथपर्यंत जे ट्रेबल पोचलंच नाही ते बूस्ट कुठून आणणार, तो आहे तेच मोठं करतो, आणि सोबत घरघरही मोठी करतो. बूस्टचं इनपुट मोठं असेल आणि तुम्ही त्याला सगळ्यात आधी लावून कायम चालू ठेवला, नॉब आवाज जेवढ्यास तेवढा राहील इतकाच, तर तो बफरचंच काम करतो, हे खरं आहे आणि बरेच वाजवणारे तसंच करतात. पण मग सोलोच्या वेळी पाय कशावर मारणार? आणि ट्रू बायपासवाला बूस्ट बंद केला की तो बफरही राहत नाही, सोलो संपला की घोंगडी परत.

म्हणून बूस्ट सोलोसाठी ठेवा, ओव्हरड्राइव्हच्या नंतर आणि डिलेच्या (प्रतिध्वनीच्या पेडलच्या) आधी. ओव्हरड्राइव्हच्या आधी लावला तर तो जास्त फाटेल, मोठा फारसा होणार नाही. तेही कधी कधी पाहिजे असते, ते तुमच्या गाण्यावर. किती वाढवायचं? ६ डेसिबल म्हणजे व्होल्टेज दुप्पट, गाणाऱ्याच्या वर यायला बहुतेक वेळा तेवढं पुरते. एमएक्सआर मायक्रो अँपसारखे बूस्ट २६ डेसिबलपर्यंत देतात, तेवढं मिक्सरमध्ये दिलं तर चॅनलचा लाल दिवा लागेल आणि साउंडवाला तुमचा फेडर खाली ओढून टाकेल, मग सगळीच मेहनत वाया.

एक अपवाद आहे. फझ फेस जातीचा फझ (आवाज आणखी जोरात फाडणारा पेडल) असेल तर तो बफरच्या आधी, एकदम पहिला. १९६६ ला आलेलं ते सर्किट पिकअपशी सरळ जोडलेलं राहील असं गृहीत धरूनच चालते, गिटारचा व्हॉल्यूम थोडा उतरवला की फझ साफ होते ती गंमत मधात बफर आला की जाते, आणि आवाज करकरीत होते.

पैसे घालवायच्या आधी तुमचा ट्यूनर (सूर जुळवायचा पेडल) कोणता आहे ते पाहा. बॉसचा टीयू-३ असेल तर त्याच्यात बफर आहेच, बंद असतानाही चालतो, फक्त त्याला पहिल्या नंबरवर आणा आणि मामला मिटला. बॉसचे जवळपास सगळे साधे पेडल आणि आयबनेझचा ट्यूब स्क्रीमर असेच बफरवाले. पॉलिट्यून ३ ट्यूनरमध्येही बफर आहे, तो चालू करता येतो. आणि गिटारमध्ये बॅटरीवाले अॅक्टिव्ह पिकअप असतील तर हे सगळं सोडूनच द्या, त्यांच्या आतच काम झालेलं असते.

काहीच नसेल तर करून घ्या, सोल्डर पकडता येत असेल तर एका संध्याकाळचं काम आहे. मी टीएल०७२ आयसी वापरला, आठ पायांचा, नागपूरच्या बर्डीवर कोणत्याही पार्ट्सच्या दुकानात मिळते. झिरो पीसीबीवर आठव्या पायाला ९ व्होल्ट, चौथ्याला ग्राउंड. १० किलोचे दोन रेझिस्टर ९ व्होल्ट आणि ग्राउंडच्या मधात, जोडावरून साडेचार व्होल्ट निघतात, तिथून ग्राउंडला ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. गिटारकडून १०४ लिहिलेला कपॅसिटर तिसऱ्या पायावर, आणि त्याच पायावरून साडेचार व्होल्टला १ मेगचा रेझिस्टर, तपकिरी-काळा-हिरवा. हा १ मेगच पाहिजे, मी पहिल्यांदा घाईत १०० किलोचा लावला होता, तपकिरी-काळा-पिवळा, दुकानातल्या ट्यूबच्या उजेडात हिरवा वाटला, आणि आवाज होता तसाच दबका, अर्धी रात्र त्यात गेली. दुसरा आणि पहिला पाय एकमेकांना जोडा, पहिल्यावरून १० मायक्रोफॅरड (प्लस आयसीकडं), मग १०० ओहम, मग आउटपुट, आणि आउटपुटवरून ग्राउंडला १०० किलो. उरलेला अर्धा आयसी लटकत ठेवू नका, पाचवा पाय साडेचार व्होल्टला, सहावा-सातवा एकत्र. डबा टिनचा घ्या आणि त्याला ग्राउंड जोडा, प्लास्टिकच्या डब्यात घरघर येते.

अॅडाप्टर लावताना पिन पाहा बरं. गिटार पेडलचा मधला कोंब मायनस असतो, आणि वायफायच्या राउटरचे अॅडाप्टर बहुतेक मधात प्लस असतात, पिन तंतोतंत बसते आणि आयसी जातो. मी ९ व्होल्टच्या लाइनीत एक १एन४००७ डायोड टाकून ठेवला आहे, त्यापायी कोणी अंधारात चुकीचा लावला तरी नुकसान नाही.

बफर लावल्यावर पहिल्या दिवशी आवाज टोचेल, सांगून ठेवतो. इतके दिवस दबका ऐकून कानाला त्याचीच सवय झाली असते. जिमी हेंड्रिक्ससारखे लोक ती गुंडाळीची लांब केबल वापरायचे आणि त्या केबलनं ट्रेबल खाल्लेला असायचा, तो आवाज कित्येकांना आवडतो, त्यात चूक काही नाही. पण आता ट्रेबल किती ठेवायचं ते तुम्ही नॉबनं ठरवाल, वायर ठरवणार नाही. टोचलं तर अँपचा ट्रेबल उतरवा, बफर काढू नका.

आजच एक करा. वरची ई तार मोकळी वाजवा, एकदा तीन मीटरनं सरळ, एकदा पूर्ण साखळीतून सगळे पेडल बंद ठेवून, दोन्ही मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि इअरफोन लावून तो 'टिक' ऐका. फरक नसेल तर काही घेऊ नका. असेल तर तुमच्या सहाही पेडलची नावं आणि ट्यूनरचं मॉडेल इथं लिहा, कोण कुठं लावायचा तो क्रम मी लावून देतो.