दिवसभर बिड्या वळणाऱ्या हाताला कसली मुद्रा?

गेल्या अंकात हातांच्या मुद्रांबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा नुसता पाऊस पडला. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, त्यातली चार घेतलीत.

प्रश्न : ताई, मी वीस वर्षं झाली बिड्या वळते. तीन-चार महिन्यांपासून रात्री उजव्या हाताला मुंग्या येतात, अंगठा न् शेजारची दोन बोटं बधिर होतात, हात झटकल्याशिवाय झोप लागत नाही. शेजारीण म्हणाली ज्ञानमुद्रा कर अर्धा तास. करायलेय, पण बोटं उलट जास्त दुखायलीत. माझं काय चुकायलंय?
– एक भगिनी, अशोक चौक

उत्तर : तुमचं काही चुकत नाही ओ. तुमचं पत्र वाचून मी घरात कागदाचा तुकडा घेऊन बिडीसारखा वळून बघितला. सुरळी काही जमली नाही, दोनदा सुटली, पण एक गोष्ट लक्षात आली की अंगठा आणि पहिलं बोट एकमेकाला टेकलेलं, बाकीची बोटं आधाराला, म्हणजे हा ज्ञानमुद्रेचाच आकार झाला की! तो तुम्ही दिवसभर जोर लावून करताय, शिवाय कात्रीनं पान कापायचं, टोक दुमडायचं, दोरा बांधायचा, आणि एवढं करून रात्री परत तीच बोटं अर्धा तास जुळवून बसायचं. दुखणार नाही तर काय होणार.

मनगटात एक अरुंद बोगदा असतो, त्यातून बोटं हलवणाऱ्या दोऱ्यांसारख्या कंडरा आणि एक मोठी नस जाते. सतत तेच काम करून तिथं सूज आली की नस दाबली जाते. अंगठा, पहिलं, मधलं बोट आणि त्याच्या शेजारच्याचा अर्धा भाग, एवढ्यालाच मुंग्या, त्याही रात्री जास्त, हे त्याचं ठरलेलं लक्षण. डॉक्टर याला कार्पल टनेल म्हणतात. शुगर किंवा थायरॉइड असेल तरी हा त्रास होतो, म्हणून ते तपासून घ्या आणि हाडाच्या डॉक्टरांना एकदा हात दाखवाच. अंगावर काढू नका, कारण नस फार दिवस दाबली गेली की अंगठ्याच्या बुडाचा गुबगुबीत भाग वाळायला लागतो आणि मग हातातनं वस्तू पडतात.

तोपर्यंत काय करायचं? मुद्रा सोडा, हात उघडा. एक बंडल बांधून झालं की सूप मांडीवरनं खाली ठेवायचं, दोन्ही हातांची बोटं पंख्यासारखी पसरायची, पाच मोजायचं, सैल सोडायची, असं आठ-दहा वेळा. मिनिटभराचं काम आहे. रात्री हात उशीखाली मुडपून झोपू नका, मनगट सरळ राहील असा पट्टा मिळतो, तो डॉक्टरांना विचारून बांधा. मुंग्या थांबल्यावर ज्ञानमुद्रा हौसेनं करा, पण बोटं नुसती टेकवायची. नख पांढरं पडलं म्हणजे जोर जास्त झाला.

प्रश्न : आमच्या फॅमिली ग्रुपवर मेसेज आलाय की अपानवायू मुद्रा केली की हार्ट अटॅक जागेवर थांबतो. वडिलांची अँजिओप्लास्टी झालीय, त्यांना शिकवून ठेवू का?
– जुळे सोलापूर

उत्तर : शिकवा, पण ते अटॅकसाठी नव्हे. हा मेसेज मलाही दर महिन्याला कुणीतरी पाठवतंच आणि दरवेळी माझं डोकं फिरतं. पहिलं बोट अंगठ्याच्या बुडाशी, मधली दोन अंगठ्याच्या टोकाला, करंगळी सरळ, एवढ्यानं हृदयाच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळत नाही. छातीत दाबल्यासारखं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, असं काही झालं की पहिला फोन 108 ला. ‘गॅस असेल, दहा मिनिटं मुद्रा करून बघू’ यात जी दहा मिनिटं जातात ती फार महाग पडतात. वडिलांना मुद्रेआधी हा नंबर शिकवा.

प्रश्न : मुद्रा हजारो वर्षांपूर्वीच्या आहेत ना? मग सायन्सवाले का मानत नाहीत?
– निवृत्त शिक्षक, विजापूर वेस

उत्तर : सर, हठयोगाचे जुने ग्रंथ बघा, हठप्रदीपिकेत दहा मुद्रा आहेत, घेरंडसंहितेत पंचवीस, पण त्या बहुतेक अख्ख्या शरीराच्या आहेत, महामुद्रा, विपरीतकरणी, खेचरी अशा. आपण सोफ्यावर बसून बोटं जुळवतो ती यादी त्यात सापडत नाही. हाताच्या मुद्रा पूजेत आहेत, नाचात आहेत, ध्यानाला बसताना आहेत. पण अमुक बोट म्हणजे वायू, ते दाबलं की गुडघा बरा, असं दुखण्यागणिक बोट वाटून देणारं पक्कं संशोधन माझ्या तरी बघण्यात नाही.

तरी मी रोज सकाळी संभाजी तलावाकाठी मुद्रा घेऊन बसते, का? तर हात गुंतला की मोबाईल सुटतो. बोटांच्या टोकांना स्पर्श फार बारीक कळतो, लक्ष तिथं ठेवलं की मन जरा एका जागी बसतं, आणि मग श्वास आपोआप लांबतो. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावला की हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, हे मात्र नाडीवर बोट ठेवून तुम्हीही बघू शकता. माझ्या मते खरं काम श्वास करतो, मुद्रा त्याला बसायला पाट मांडून देते. दहा मिनिटं पुष्कळ झाली, रोज 45 मिनिटं मुद्रा करा म्हणतात त्या नादी लागू नका.

प्रश्न : करंगळी म्हणजे जलतत्त्व ना? मग उन्हाळ्यात वरुण मुद्रा, म्हणजे करंगळी अंगठ्याला टेकवून, केली तर पाणी कमी प्यालेलं चालतं का? ड्युटीवर सारखं उठता येत नाही.
– एक सेल्समन, नवी पेठ

उत्तर : अजिबात चालत नाही! आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पार जातो आणि तुम्ही करंगळीच्या भरवशावर बसणार? लघवी गडद पिवळी झाली म्हणजे पाणी कमी पडायलंय असं समजा. बाटली काउंटरवरच ठेवा, दुपारी मीठ घातलेलं ताक प्या. वरुण मुद्रा करायचीच असेल तर डाव्या हातानं करा, उजवा बाटलीला मोकळा ठेवा.