घरून काम: दिवस मागण्याआधी मिनिटं मोजा

विद्यापीठांतल्या कर्मचाऱ्यांकडून लवचीक वेळा आणि काही दिवस घरून काम या विषयावर बरेच प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांतले पाच इथे घेतले आहेत.

प्रश्न: मी एका विभागाच्या कार्यालयात सहायक आहे. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करू द्यावं, असा अर्ज केला होता. ‘तुमचं पद घरून करण्यासारखं नाही’ एवढ्या एका ओळीवर तो परत आला. पुन्हा अर्ज करायचा तर कसा लिहू?

उत्तर: ‘पद’ या शब्दानंच घोटाळा होतो. एका टेबलावर दिवसभरात दहा-पंधरा तऱ्हेची कामं होतात आणि त्यांतल्या बऱ्याच कामांना खुर्ची कुठे आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं. म्हणून अर्ज तूर्त बाजूला ठेवा आणि कामाच्या दहा दिवसांची नोंदवही ठेवा. प्रत्येक कामापुढे चार गोष्टी लिहा: किती मिनिटं लागली, समोर माणूस हवा होता का, मूळ कागद किंवा शिक्का लागला का, आणि ते त्याच दिवशी होणं भाग होतं का. काम संपल्या संपल्या लिहा. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या वहीतून खिडकीवरचे पाच-पाच मिनिटांचे खोळंबे हमखास गळतात, आणि वरिष्ठ नेमकं त्यावरच बोट ठेवतात.

दिवसाचे आठ तास धरले तर दहा दिवसांची ४८०० मिनिटं होतात. समजा हिशेब असा निघाला: खिडकी आणि विद्यार्थी १५००, टपाल, सह्या, शिक्के ६००, ईमेल ९००, संगणकावरच्या नोंदी आणि तक्ते १०००, बैठका ५००, किरकोळ ३००. ईमेल, नोंदी आणि ऑनलाइन चालतील अशा बैठकांची २०० मिनिटं मिळून २१०० मिनिटं, म्हणजे आठवड्याला साडेसतरा तास. दोन दिवसांचे सोळा तास त्यात आरामात बसतात. इथेच बहुतेकजण फसतात. ईमेल रोज येतात आणि त्यांतले निम्मे त्याच दिवशी उत्तर मागतात, त्यामुळे कार्यालयातल्या सहा दिवसांच्या वाट्याची २७० मिनिटं तिथेच खर्च होणार. उरली १८३०, म्हणजे आठवड्याला सव्वापंधरा तास. एक दिवस पक्का भरतो, दुसरा ओढूनताणून. अशा आकड्यांवर आम्ही एकच दिवस मागायला सांगू. तीन महिन्यांनी दुसरा मागता येतो. मिळालेला दिवस काढून घेतला गेला, तर पुन्हा मिळणं अवघड.

अर्ज एका पानाचा पुरे. कोणता वार, त्या दिवशी कोणती कामं, कोणत्या वेळात फोनवर हमखास सापडाल, खिडकीवर तुमच्या जागी कोण (त्या सहकाऱ्याला आधी विचारून), काम झालं हे कशावरून दिसेल, चाचणीचा काळ किती आणि कोणत्याही बाजूनं व्यवस्था थांबवायची तर किती दिवस आधी कळवायचं, हे सगळं त्यात यावं. आणखी एक वाक्य न मागता घाला: प्रवेश, परीक्षा आणि निकालाच्या आठवड्यांत घरून काम नाही. वरिष्ठांच्या मनातली मोठी हरकत याच आठवड्यांची असते. ती तुम्हीच लिहून टाकलीत, तर बोलणं बाकीच्या दिवसांवर येतं.

प्रश्न: माझ्या कक्षात सहाजण आहेत. सगळ्यांना दोन-दोन दिवस घर हवंय, आणि सगळ्यांना सोमवार किंवा शुक्रवारच हवाय. वेळापत्रक कसं बसवू?

उत्तर: घरचे दिवस वाटण्याआधी जागेवरची माणसं मोजा. खिडकीवर दोघं आणि आत एक, असे किमान तिघे लागतात असं धरू. आठवड्यातला एक वार सगळ्यांनी एकत्र यायचा, बैठका आणि शिकवणं-समजावणं त्याच दिवशी. सहाजण गुणिले पाच दिवस म्हणजे ३० हजेऱ्या. त्यांतल्या एकत्र दिवसाच्या ६ आणि उरलेल्या चार दिवसांच्या १२ वजा केल्या की १२ उरतात. सहाजणांना बरोबर दोन-दोन! हा तक्ता इतका नेटका दिसतो की लगेच सही होते, आणि पहिल्या तापात कोसळतो. त्यात रजेला जागाच नाही. एकजण आजारी पडला की खिडकीवर एकच माणूस उरतो किंवा घरी बसलेल्याला धावत यावं लागतं.

म्हणून चारही दिवशी तीनऐवजी चारजण धरा. आता घरचे दिवस ८ उरले: रोज दोघं. प्रत्येकाला एक दिवस कायम द्या, उरलेले दोन दिवस जोडीजोडीनं फिरवा. म्हणजे दर तिसऱ्या आठवड्याला प्रत्येकाला एक जादा मिळतो. सोमवार-शुक्रवारही दर महिन्याला फिरवा, नाहीतर जुन्या माणसांकडे ते वारशानं गेल्यासारखे राहतात. घरी असलेल्याचा कार्यालयातला फोन त्याच्या मोबाइलवर वळवायला विसरू नका. रिकाम्या टेबलावर वाजत राहिलेला फोन शेजारच्याला उचलावा लागतो, आणि कुरबुर तिथूनच सुरू होते.

घराऐवजी कोणी चार दिवस दहा-दहा तास मागत असेल, तर तेही ऐकून घ्या. त्यांच्या जोरावर खिडकी सकाळी लवकर उघडते आणि संध्याकाळी उशिरापर्यंत चालते, म्हणजे नोकरी करून शिकणाऱ्यांची सोय होते. मात्र रजेचा हिशेब तासांत करा. दहा तासांच्या दिवशी घेतलेली रजा दहा तासांचीच धरायची, आणि सार्वजनिक सुटी त्यांच्या मोकळ्या दिवशी आली तर काय, हे आधीच ठरवायचं. जाता जाता: लवचीक वेळांचा प्रयोग म्यूनिकजवळच्या विमानं बनवणाऱ्या एका कंपनीत १९६७ साली सुरू झाला, तो गर्दीला वैतागून. सगळे एकाच वेळी येत-जात असल्यानं रस्ते तुंबायचे. मधले काही तास सगळ्यांनी हजर आणि दोन्ही टोकं सैल, ही पद्धत आजही चालते.

प्रश्न: परीक्षा विभागातलं गुणांचं काम घरून करता येईल का? व्हीपीएन (घरच्या नेटवरून विद्यापीठाच्या प्रणालीत जायची सुरक्षित वाट) मिळालं आहे.

उत्तर: काही भाग येईल. प्रश्नपत्रिकेचे मसुदे, उत्तरपत्रिका आणि सहीचे मूळ तक्ते इमारतीबाहेर जाता कामा नयेत, मग कितीही कुलपं लावा. गुणपडताळणी, वेळापत्रक, पत्रव्यवहार जमण्यासारखं आहे.

व्हीपीएन फक्त वाट सुरक्षित करतं, घर नाही. घात होतो तो असा. प्रणालीतून गुणतक्ता एक्सेलमध्ये उतरवला जातो, तो आपोआप ‘डाउनलोड्स’ फोल्डरमध्ये पडतो. काम संपतं, व्हीपीएन बंद होतं, फाइल तिथेच राहते. त्या संगणकावर खासगी क्लाउड जोडलेलं असेल आणि हे फोल्डर त्यात येत असेल, तर तिची एक प्रत तिकडेही गेलेली असते. संध्याकाळी घरातलं कोणीतरी त्याच लॉगिनवर खेळ उतरवायला बसतं. यात कुणी चोरी केलेली नाही, तरी शेकडो विद्यार्थ्यांचे गुण निकालाआधी विद्यापीठाबाहेर दोन ठिकाणी पडलेत.

यावर उपाय असे: विद्यापीठाचाच लॅपटॉप, त्याची डिस्क एन्क्रिप्ट केलेली (पासवर्डशिवाय वाचता न येणारी), लॉगिनला पासवर्डनंतर मोबाइलवरच्या कोडसारखा दुसरा टप्पा, आणि फाइल उतरवण्याऐवजी सर्व्हरवरच उघडून काम. घरच्या प्रिंटरवर काही छापायचं नाही, कारण रद्द झालेलं पान शेवटी रद्दीतच जातं. ‘रात्री घरी करते’ म्हणून तक्ता स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवणं सगळ्यात नेहमीचं आणि सगळ्यात घातक. ऑनलाइन बैठकीत पूर्ण स्क्रीन न दाखवता एकच खिडकी दाखवा, म्हणजे मागे उघडी असलेली यादी झळकत नाही. गुण भरण्याचं काम दोघांनी वेगवेगळं भरून ताडून पाहण्याचं असेल, तर दोघांपैकी एक तरी कार्यालयात मूळ तक्त्यासमोर असू द्या.

प्रश्न: घरी नेट किंवा वीज गेली, तर तो दिवस रजेत धरायचा का?

उत्तर: धरायचा की नाही, हे त्या दिवशी ठरवू नका, घरून कामाची परवानगी घेतानाच लिहून ठेवा. आम्हाला रास्त वाटतं ते असं: पंधरा मिनिटांत वरिष्ठांना फोन, दोन तासांपर्यंत नेटशिवायचं काम (ते आधीच उतरवून ठेवलेलं, गोपनीय नसलेलं), त्यानंतरही आलं नाही तर कार्यालय गाठायचं किंवा अर्धी रजा. बैठकीत आवाज तुटत असेल तर नेटचा अपलोड वेग पाहा. जाहिरातीत डाउनलोडचा आकडा मोठा असतो, पण तुमचा चेहरा आणि आवाज जातो अपलोडवर. ३ ते ४ एमबीपीएस पुरतो. तोही असून अडखळत असेल, तर राउटरपासून केबल ओढून बघा.

प्रश्न: घरून काम करणारा साहेबांच्या नजरेआड होतो आणि बढतीत मागे पडतो, हे खरं का?

उत्तर: भीती खोटी नाही, पण सगळीकडे तसं घडतंच असंही नाही. चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम या प्रवास-आरक्षण कंपनीत अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १६१२ कर्मचाऱ्यांवर केलेला प्रयोग २०२४ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जन्मतारीख सम की विषम यावरून गट पाडले आणि एका गटाला आठवड्यातून दोन दिवस घर दिलं. पुढच्या दोन वर्षांत बढत्यांत आणि कामाच्या मूल्यमापनात फरक दिसला नाही. नोकरी सोडण्याचं प्रमाण मात्र एक तृतीयांशानं घटलं. पण हे कर्मचारी आठवड्यातले तीन दिवस कार्यालयात समोर होते. पूर्ण वेळ घरून काम करणाऱ्यांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लावू नका.

तुमच्या हातात आहे ते एवढं: घरच्या दिवशी संध्याकाळी चार ओळींची टिपणी पाठवा. काय पूर्ण झालं, काय अडलं, कुणाकडे अडलं. ‘दिवसभर ऑनलाइन होतो’ हे त्यात लिहू नका. माउस किती हलला हे मोजणारं सॉफ्टवेअर बसवण्याचा विचार वरिष्ठ करत असतील, तर त्यांना हीच टिपणी दाखवा. ती वाचायला अर्धं मिनिट लागतं आणि नस्ती कुठे अडली आहे, हे त्या सॉफ्टवेअरला कधीच सांगता येत नाही.