वाचकांचे प्रश्न : ट्रॉलरवरचा ईपर्ब

प्रश्न : मालीम जेटीवरचा एक जुना ट्रॉलर आम्ही नुकताच विकत घेतला. त्यावर व्हीएचएफ रेडिओ असताना केबिनवरच्या ईपर्बची, म्हणजे उपग्रहांमार्फत संकटाचा संदेश देणाऱ्या यंत्राची, वेगळी निगा कशासाठी राखावी? – एक वाचक, बेती

उत्तर : व्हीएचएफचा १६ क्रमांकाचा चॅनेल संकटात प्रथम हाताशी येतो हे खरे, परंतु त्याच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जात असल्यामुळे खोल समुद्रातून हाक किनाऱ्यापर्यंत पोचेलच असे नाही, आणि बोट उलटल्यावर माईकपाशी असणार तरी कोण? ईपर्ब ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहांमार्फत संदेश देतो आणि तो बेंगळुरूच्या इस्रो केंद्रातून तटरक्षक दलाकडे जातो. बोट कोणाची, हे मात्र यंत्राच्या सांकेतिक क्रमांकाच्या नोंदीवरूनच कळते. म्हणून जुन्या मालकाच्या नावावरची नोंदणी आधी बदलून घ्यावी, नाहीतर पहिला फोन त्यालाच जाईल.

आपले यंत्र आपोआप सुटणारे असेल, तर बोट बुडताना पाण्याच्या दाबाने, चार मीटर खोली गाठण्यापूर्वीच, त्याला मोकळे करणाऱ्या कुलपावरची मुदत आणि बॅटरीवरची तारीख वाचावी. पावसाळी बंदीत बोट रंगवताना या कुलपावरही हौसेने ब्रश फिरवला जातो आणि छापलेली तारीख त्याखाली गडप होते. तपासणी फक्त ‘टेस्ट’च्या बटणानेच करावी.