गुरुजींना ‘म्हणा’ कोण म्हणणार?

करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर माझ्याकडे समुपदेशनासाठी काही पुरोहित आले, एका चर्चचे पाळक आले आणि एका मशिदीचे इमामही आले. तिघांच्याही बोलण्यात काळजी एकच होती : लोक धीर मागायला आमच्याकडे येतात, आमचाच धीर सुटला तर त्यांनी कोणाकडे पाहायचे? हा प्रश्न आजही वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो. म्हणून नाशिकच्या रामकुंडावर क्रियाकर्म करणाऱ्या एका गुरुजींची हकिकत, त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे मांडत आहे.

ते जुलै २०२१ मध्ये प्रथम आले. झोप लागत नाही, एवढीच त्यांची तक्रार होती. राज्यातील देवळे मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली आणि एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली. या काळात मुंजी, लग्ने, वास्तुशांती थांबल्या आणि घाटावरचे काम तेवढे वाढत गेले. एप्रिलच्या २१ तारखेला शहरातील एका रुग्णालयात प्राणवायूची गळती होऊन वीसहून अधिक रुग्ण दगावले, त्या आठवड्यात तर आपण कोणाचे नाव आणि गोत्र उच्चारत आहोत याचे भान राहत नसे, असे ते म्हणाले. घर दक्षिणेवर चालत होते आणि ती दक्षिणा आता केवळ मरणातून येत होती, ही बोच त्यांनी तिसऱ्या भेटीपर्यंत बोलून दाखवली नव्हती.

यजमानांना मात्र ते उत्तम सांभाळत होते. विलगीकरणात अडकलेल्या मुलांसाठी मोबाइल समोर धरून त्यांनी संकल्प सोडले. कावळा शिवला नाही म्हणून आईला गती मिळणार नाही का, असे रात्री अकरा वाजता विचारणाऱ्या मुलीला, दर्भाचा कावळा करून पिंडाला लावण्याची सोय शास्त्रानेच ठेवली आहे, हे त्यांनी शांतपणे समजावले. ज्यांना अंत्यदर्शनही घडले नाही त्यांना ते पालाशविधीविषयी सांगत. देहच हाती न आल्यास पळसाच्या पानांची प्रतिकृती करून संस्कार करण्याचा तो विधी आहे. अपुऱ्या राहिलेल्या निरोपाचा विचार आपल्या पूर्वजांनी किती बारकाईने केला होता, हे मला त्यांच्याकडूनच कळले.

त्यांच्या वडिलांचे मे महिन्यात करोनाने निधन झाले होते. हे त्यांनी मला एखाद्या नोंदीसारखे सांगितले आणि लगेच घाटावरच्या गर्दीविषयी बोलू लागले. मी त्यांना थांबवले.

“वडिलांचे दिवस कोणी केले?”

“मीच. मुलगा मीच आहे.”

“गुरुजी कोण होते?”

“तेही मीच. सगळे सहकारी दमलेले, दोघे आजारी. त्यांना कुठे त्रास द्यायचा? मंत्र मला येतातच.”

“म्हणजे ‘अपसव्य करा’, जानवं उजव्या खांद्यावर घ्या, हेसुद्धा तुम्हीच स्वतःला सांगितलंत?”

“सांगायचं कशाला? हात आपोआप चालतात.”

“आणि ‘म्हणा’ कोण म्हणालं?”

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. खोलीत बराच वेळ कोणीच बोलले नाही. मीही ती शांतता भरून काढण्याचा प्रयत्न केला नाही. मग ते म्हणाले, “आठव्या वर्षापासून मंत्रांची संथा वडिलांनीच दिली. पहाटे ओसरीवर बसवून म्हणायचे, ‘हं, म्हण.’ आता तसं म्हणणारं कुणी राहिलं नाही.” आणि ते रडू लागले. दोन महिन्यांत ते प्रथमच रडत होते.

या कामात मला वीस वर्षे होत आली. दुःखाला साक्षीदार लागतो, ही माझी धारणा त्या दिवशी अधिक पक्की झाली. तो प्रश्न मला नेमका त्या क्षणी सुचला, याचे समाधान आजही वाटते. क्रियाकर्मात मंत्रांइतकेच महत्त्व समोर बसलेल्या माणसाचे असते. त्या दिवसांत सगळा निर्णय दुसऱ्याच्या हाती सोपवून, तो सांगेल तेवढेच उच्चारण्याची मोकळीक दुःखिताला मिळते. गुरुजींनी ती शेकडो घरांना दिली आणि स्वतःला मात्र नाकारली. सुतकाचे दहा दिवसही त्यांनी यजमानांचे फोन घेण्यात घालवले. भेटायला कोणी येऊ शकत नव्हते, आणि ज्यांना बोलावता आले असते त्यांना त्यांनी बोलावले नाही.

पुढच्या भेटींत मी त्यांना जे सुचवले, तेच पाळकांना आणि इमामांनाही सुचवले, कारण प्रार्थनेची भाषा बदलली तरी थकवा तोच असतो. आपल्याच कामातला एक माणूस निवडावा आणि आठवड्यातून एकदा त्याच्यापाशी केवळ स्वतःविषयी बोलावे. घरच्यांवर हा भार टाकू नये, कारण त्यांच्यासमोर आपण पुन्हा खंबीर होऊन बसतो. रात्री नऊनंतरचे फोन आळीपाळीने घ्यावेत आणि तसे लोकांना आधीच सांगून ठेवावे. लोक समजून घेतात, हा माझा अनुभव आहे. आपल्याही घरी मृत्यू झाला आहे, हे यजमानांपासून किंवा मंडळीपासून लपवू नये. गुरुजींना याचीच सर्वाधिक भीती वाटत होती. प्रत्यक्षात, त्यांनी एका विधवा बाईंना आपल्या वडिलांविषयी सांगितले तेव्हा त्यांनीच गुरुजींना विचारले, “तुम्ही जेवलात का?” दक्षिणेविषयीची बोच याने संपली नाही, तिला वेगळा वेळ द्यावा लागला. विधी करणारा माणूस जगला पाहिजे, हे ते इतरांच्या बाबतीत मान्य करत, स्वतःच्या बाबतीत नाही.

भाद्रपदात भरणी श्राद्ध आले. मृत्यूनंतरच्या पहिल्या पितृपक्षात ते केले जाते. या वेळी त्यांनी वडिलांच्याच हाताखाली शिकलेल्या, वयाने लहान असलेल्या एका गुरुजींना बोलावले आणि स्वतः केवळ यजमान म्हणून पाटावर बसले. दुसऱ्या दिवशी ते मला सांगायला आले. हजारो वेळा उच्चारलेला संकल्प त्यांना मध्येच आठवेना. वडिलांचे नाव आले आणि तोंडून शब्द फुटेना. समोरचा मुलगा काही बोलला नाही. तो थांबला, पळीत पाणी घेऊन त्यांच्या हातावर सोडले आणि हलकेच म्हणाला, “हं, म्हणा.”